केरानानं कोकरू परत नेलं

गावाला हवी होती ती गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे ती वाटेतून बाजूला होईल.

संत गेओर्गीच्या सणाला केराना कोकरू घेऊन देवळात आली. कोकराच्या शिंगावर मेणबत्ती लावली, त्याला मीठ चाटवलं, पाद्रीबाबांनी धूप दाखवला. सुरी फिरली. केराना रडली. देवाचा राग गेला. आम्ही पोटभर जेवलो.

असं झालं नाही.

आता झालं ते.

केरानाचा एकुलता एक मुलगा स्तामेन. लहानपणी तापानं फणफणला, तेव्हा ती संताला नवस बोलली: पोरगा वाचू दे, कोकरू देईन. पोरगा वाचला. कोकरू राहिलं. त्या वर्षी राहिलं, पुढच्या वर्षी राहिलं, मग कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. स्तामेन मोठा होऊन दगडाच्या खाणीत लागला आणि गेल्या हिवाळ्यात दरड त्याच्या अंगावर आली.

आणि मग आमच्या लक्षात आलं. सगळ्यांच्या, एकदम. संतानं आपलं वसूल केलं!

केरानाची थोरली जाऊ योवका. सणाचा, गावजेवणाचा हंडा तिच्या हाती असतो. ती केरानाच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"केराने, यंदा तरी दे. देवाशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय?"

"वाकडं मी घेतलं की त्यानं?"

"तोंड आवर. नवस चुकला म्हणून पोरगा गेला."

"म्हणजे आता कोकरू देऊ?"

"मग मी केव्हाची काय सांगतेय!"

"दिलं की मी कबूल केलं, जाऊबाई. एका कोकरापायी देवानं माझं पोर मारलं, असं. तसला देव असेल तर मला त्याच्याशी समेट नको. आणि तसला नसेल, तर त्याला कोकरू कशाला?"

योवका गावभर सांगत सुटली, हिचं डोकं फिरलंय म्हणून.

मग नायदेन पाद्री गेले. भला माणूस, भांडणाला भिणारा.

"बाई, कोकरू म्हणजे दंड नव्हे. समेटाची खूण आहे."

"पाद्रीबाबा, क्रुसाच्या शुक्रवारी तुम्ही काय वाचलंत? देवानं स्वतःचं पोर दिलं. एकदाच. सगळ्यांसाठी. वाचलंत ना?"

"वाचलं."

"खोटं वाचलंत?"

"खोटं कसं असेल!"

"मग समेटाला तोच खाली आला होता. आता माझ्या दारात मागायला तुम्ही कशाला आलात?"

पाद्रीबाबांनी टोपी काढली. पुन्हा घातली. गेले.

(इथे खरं तर मधे बरेच दिवस आहेत. त्यात काहीच घडलं नाही. केराना दुकानात आली की बोलणं थांबायचं, एवढंच.)

सण.

हंडे उकळत होते. केराना आली. एका हातात दोरी, दोरीला कोकरू. आमच्या जिवात जीव आला. गांचो खाटकानं सुरी पुसली. केरानानं पदरचं मीठ काढलं, तळहातावर धरलं आणि कोकरानं ते चाटून पुसून खाल्लं. आमच्याकडे सणाच्या दिवशी देवळाच्या अंगणात मीठ चाटलेलं कोकरू घरी जात नाही.

गांचो पुढे झाला.

"सरक," केराना म्हणाली.

कोकराला घेऊन ती जेवणाच्या रांगेत उभी राहिली. पदराखालून तिनं वाडगा काढला, तो आम्हाला तेव्हाच दिसला.

सणाच्या हंड्याचा एकच नियम. वाडगा घेऊन आलेल्याला परत पाठवायचं नाही. भिकारी असो, वैरी असो. एकाला जरी परत पाठवलं तरी सगळा हंडा वाया गेला. मात्र जिवंत कोकरू घेऊन कुणी रांगेत येईल, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"काय आणलंस?" योवकानं विचारलं.

"वाडगा."

"आणि हे?"

"हे माझ्याबरोबर आलंय. सणाला."

"न देता घ्यायला आलीस? लाज नाही वाटत?"

"घ्यायलाच आलेय. देऊन कुणाला मिळालंय इथे? तुला मिळालं?"

योवकाचं ओगराळं हवेतच राहिलं.

"आणि स्तामेन?" तिनं हळूच विचारलं.

"स्तामेन दरडीखाली गेला, योवका. देवाच्या हातून नाही गेला. पुन्हा तसं बोलायचं नाही. माझ्यासमोर नाही, माझ्या माघारीही नाही."

आम्ही पाद्रीबाबांकडे पाहिलं. त्यांनी एक वाडगा उचलला आणि ते केरानाच्या मागे, कोकराच्याही मागे, येऊन उभे राहिले.

"मीही काही आणलेलं नाही," ते म्हणाले.

योवकानं ओगराळं हंड्यात बुडवलं, तळापर्यंत. मांसाचा मोठा तुकडा वर आला. तो तिनं वाडग्यात आपटला, रस्सा केरानाच्या बाहीवर उडाला.

"घे. आणि रांग अडवू नकोस."

केराना हलली नाही. तिथंच, उभ्याउभ्या, सगळ्यांदेखत प्यायली.

"मीठ कमी आहे, जाऊबाई."

"मीठ तुझ्या कोकरानं खाल्लं!"

केरानानं वाडगा पुन्हा पुढे केला.

"मग आणखी वाढ."