बाईंची भिंत

चीनला जायचं खूळ आमच्या सासूबाईंचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे शेवगावात शिरलं की निम्मं गाव त्यांना 'पुष्पावतीबाई' म्हणून वाकून नमस्कार करतं. चीनचा धडा आला की पटांगणात पोरांकडून चिखलाची लांबलचक भिंत बांधून घ्यायच्या, वर काड्यांचे पहारेकरी. जेवताना म्हणायच्या, "युआन श्वांग तिकडून चालत आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला. आपल्यातलं कुणी नको का जायला त्याच्याकडे?" मी गुमान भाजी वाढायचे. दुसरं काय करणार?

रिटायर झाल्यावर त्यांनी हर्षलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, भरीस घातलं. आम्ही तिघांनी टूरबरोबर जायचं ठरलं आणि घराची शाळा झाली. रोज संध्याकाळी कुठला राजा, कुठलं मातीचं सैन्य, सगळं आमच्याकडून वदवून घ्यायच्या. अगरबत्तीच्या दोन काड्यांनी शेवया उचलायचा सराव चालायचा. भिंतीच्या पायऱ्या उंच असतात म्हणून पांढरे बूट आणले आणि साडीवर ते घालून गच्चीचा जिना चढू-उतरू लागल्या. गुडघे ठणकायचे, पण तोंडातून ब्र नाही.

आपल्याकडे माणूस विमानाच्या आधी फ्लेक्सवर चढतो. बाईंच्या माजी विद्यार्थ्यांनी चौकात फ्लेक्स लावला. मागे चीनची भिंत, पुढे चष्मा लावलेल्या बाई. शाळेत शाल-नारळ देऊन सत्कार झाला, तेव्हा बाई रडल्या. मला ते जरा अतीच वाटलं.

सत्कारानंतर माझ्या बहिणीचा, आरतीचा, फोन आला. तिलाही यायचं होतं आणि टूरमध्ये जागा शिल्लक नव्हती. मी विचार केला. सासूबाईंबरोबर जायचं म्हणजे प्रत्येक दगडापाशी उभं राहून तास ऐकायचा. मला फिरायचं होतं, परीक्षा द्यायची नव्हती. हर्षलनं आधी आढेवेढे घेतले, पण माझ्यापुढे त्याचं कधी चाललंय? बाईंच्या कागदांच्या जागी आरतीचे कागद गेले.

"आई, तुझा व्हिसा आला नाही," त्यानं सांगितलं.

"आरतीचा कसा आला रे?"

हर्षल मोबाईल बघत बसला.

पण फ्लेक्सचं काय करायचं? शाल घेऊन झाली, नारळाची बर्फी वाटून झाली, आणि आता बाई चौकात भाजी घेताना दिसल्या तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील. मीच मार्ग काढला. आम्ही येईपर्यंत त्यांनी घरातच राहायचं. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप. मागच्या दाराची कडी आतून होती, म्हणजे कोंडलं वगैरे म्हणायची सोय नाही. किराणा भरून ठेवला. एवढंच सांगितलं की कुकर लावायचा नाही, शिट्टी ऐकू जाते. टीव्ही बघा, पण आवाज बंद करून.

"हर्षलच्या अब्रूचा प्रश्न आहे, आई," मी म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या.

आरतीकडे चढाईचे बूट नव्हते. बाईंचे तिला बरोबर बसले.

आम्ही पहाटे निघालो आणि पहाटेच परतलो, त्यामुळे गाडीत कोण बसलं, कोण उतरलं हे कुणी पाहिलं नाही. चीन छान आहे. आरतीनं भिंतीवर खूप फोटो काढले. मातीचं सैन्य मात्र थोड्या वेळानं सारखंच दिसायला लागतं.

शेजारच्या मालनबाई सकाळीच डोकावल्या. "तुमच्या घरात मांजर शिरलं हुतं का गं? भांडी वाजत हुती."

"मांजरच होतं," मी म्हटलं. बाई आत चहा गाळत होत्या. त्यांना पाहून मालनबाई म्हणाल्या, "बाई, लई उजळलात की. चीनची हवा मानवली तुमाला." नऊ दिवस ऊन लागलं नव्हतं, उजळणारच.

पुढच्या आठवड्यात शाळेनं पटांगणात त्यांचं भाषण ठेवलं. मी फाटकाजवळची खुर्ची धरली होती, पण बाई शहाण्या निघाल्या. राजे सांगितले, भिंत सांगितली, 'मी पाहिलं' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. पायांत तेच बूट होते. त्यांचा विद्यार्थी बजरंग पहिल्या रांगेतून म्हणाला, "बाई, ही धूळ तिकडचीच का?"

"तिकडचीच," बाई म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. बूट जाऊन आले होते.

मग बजरंग माईकपाशी गेला. "बाई, आता सांगायला हरकत न्हाई. तुमाला चीनला पाठवायचं आमच्या बॅचनं ठरिवलं हुतं. पैसं बी जमा केल्तं. सांगायला तुमच्या घरी यायचं, तर तुमीच निघालात, असं कळलं. मग फ्लेक्स लावला, अन् त्याच पैशात शाळंला पुढनं भिंत बांधायची ठरली. तुमचं नाव लावून. आज तुमच्याच हातनं पहिली कुदळ."

टाळ्या पडल्या. बाईंनी आधी हर्षलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक वाक्य बोलल्या असत्या तर पोरांनी त्यांना खांद्यावर बसवून चीनला नेलं असतं. ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. हर्षलनं मान खाली घातली. बाई त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिल्या.

"किती लांब होईल रे भिंत?" त्यांनी बजरंगला विचारलं.

"फाटकापासनं हातपंपापातुर, बाई."

त्यांनी हातपंपापर्यंत नजर नेली. चिखलाच्या भिंती त्या तिथंच बांधून घ्यायच्या. मग खाली बसून त्यांनी बूट काढले, नीट बाजूला ठेवले आणि अनवाणी पुढे होऊन कुदळ घेतली. जमीन कडक होती, पहिला घाव नुसता खणकन वाजला. हर्षल पुढे धावला, तर त्यांनी हातानंच त्याला थांबवलं.

सगळे बघत होते म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. आमच्या घरात आता चीनचं नाव निघत नाही, त्यामुळे जेवणं लवकर उरकतात.