तुमच्याकडे उजाडलं का?

"उजाडलं का गं?" आईनं विचारलं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि बाहेर गल्लीत भाजीवाला घसा फोडून ओरडत होता.

"कधीच उजाडलं, आई," देवयानी म्हणाली. लॅपटॉपवरून तिनं मान वर केली नाही. वर केली असती तर आईच्या चेहऱ्यावरचा अविश्वास बघावा लागला असता, आणि तो आता तिला सोसत नव्हता.

आईचा तरी काय दोष? गाझियाबादच्या त्या घराचा हॉल बरोब्बर मधोमध होता. दोन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, मागे तिसऱ्याची भिंत आणि पुढे बेडरूम. सूर्याला आत यायचं तर बेडरूमचं दार वाजवून, परवानगी काढूनच यावं लागलं असतं. घर दाखवताना डीलर म्हणाला होता, "गर्मियों में एकदम ठंडा रहेगा जी." ते काही खोटं नव्हतं. भुयारंही थंडच असतात. देवयानी आणि तिचा नवरा सुधन्वा, दोघंही नोकरीवाले, घरी रात्री झोपण्यापुरते. त्यांनी ट्यूबलाइट लावल्या आणि विषय संपवला.

तो विषय आई आल्यावर पुन्हा निघाला. बाबा गेले आणि चंद्रप्रभाबाई पुण्याचं घर बंद करून लेकीकडे आल्या, तेव्हापासून देवयानी घरूनच काम करायला लागली. बारीकसारीक विसरणं आधीच सुरू झालेलं होतं. पण जन्मभर उजाडायच्या आत अंघोळ उरकणारी बाई या हॉलमध्ये पार भांबावून गेली. भर दुपारी पांघरूण ओढून झोपायची, संध्याकाळी उठून चहा मागायची आणि दिवसभर एकच विचारायची, उजाडलं का? ट्यूबलाइटवर तिचा विश्वास नव्हता; लावली की झोपायचं म्हणून बंद करायची. दिवे माणसं रात्रीच लावतात, एवढं तिला पक्कं आठवत होतं.

आणखी एक गोष्ट होती. ती देवयानीनं कुणालाच सांगितली नव्हती, अगदी सुधन्वालाही नाही. आई कधीकधी तिला "नीला" म्हणायची. नीला म्हणजे आईची धाकटी बहीण, जाऊन बरीच वर्षं झाली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा देवयानीला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. मग तिनंच स्वतःची समजूत घातली: अंधारात चेहरा दिसत नाही, आणि माझा आवाज आहेच मावशीसारखा. उजेड असता तर आईनं मला लाखात ओळखलं असतं. या समजुतीला ती घट्ट धरून बसली.

जानेवारी सरता सरता एक दिवस आई नाहीशी झाली. दुपारची वेळ, देवयानी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये. बाहेर येऊन बघते तर दार सताड उघडं. ती चपला न घालता धावली. आई सापडली मोठ्या रस्त्यापलीकडे, ई-रिक्षांच्या गर्दीत, हातात स्टीलची बरणी घेऊन उभी. "दूध केंद्र उघडलं नाही अजून," ती म्हणाली, "आज उजाडायलाच उशीर झालाय."

पुण्याहून धाकट्या भावाचा, जयदीपचा, फोन आला. सुधन्वानं त्याला सगळं सांगितलेलं होतं.

"ताई, इथं एक चांगली संस्था आहे. मी बघून आलोय. नर्स असते, दाराला कुलूप असतं."

"कुलूप मीही लावू शकते."

"आणि ऑफिस? हे बघ, तुझ्यावर कुणी बोट ठेवत नाहीये. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तिचं वाढत चाललंय. होळीनंतर मी येतो. अशीच बाहेर जात असेल तर घेऊन जातो."

देवयानीनं फोन ठेवला. कुलूपबंद दाराआड, अनोळखी बायकांमध्ये, "उजाडलं का" असं विचारत बसलेली आई तिला दिसायला लागली. काही झालं तरी आईला जाऊ द्यायचं नाही, हे तिनं त्याच क्षणी ठरवलं. डॉक्टरांकडे गेली तेव्हा त्यांनी औषधं लिहिता लिहिता सहज विचारलं, "दिनभर धूप-रोशनी मिलती है इनको? दिन और रात का फ़र्क दिखना चाहिए. नींद सुधरेगी, भटकना भी कम होगा." औषधांची चिठ्ठी पर्समध्ये गेली आणि हे वाक्य डोक्यात राहिलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं नरसिंह नावाच्या ठेकेदाराला बोलावलं. त्यानं हॉलमध्ये उभं राहून छताकडे बघितलं. "जाल निकाल देते हैं, मैडम," तो म्हणाला. दिल्लीकडच्या जुन्या घरांत छताला चौकोनी भोक पाडून त्यावर लोखंडी गज बसवतात, त्याला जाल म्हणतात. वरचा उजेड त्यातून खाली झिरपतो. आता गजांवर जाड काच घालायची, पाऊस आत येत नाही आणि वरून चालताही येतं. सुधन्वानं ओळखीच्या इंजिनियरला आणून दाखवलं. तोही हो म्हणाला.

अडचण एकच होती. हॉलच्या डोक्यावर जी उघडी गच्ची होती ती वरच्या मजल्यावरच्या सुमित्रा त्यागींची. त्या तिथे पापड वाळवायच्या, तुळशीला पाणी घालायच्या आणि उरलेला वेळ खुर्ची टाकून नुसत्याच बसून राहायच्या. मागच्या वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा हायवेवर अपघातात गेला. सून नातवाला घेऊन मेरठला माहेरी निघून गेली. तेव्हापासून वरच्या मजल्यावर साधा कुकरच्या शिटीचाही आवाज क्वचित यायचा.

देवयानी डब्यात गुळपोळ्या घेऊन वर गेली. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण त्या दिवशी तिनं हवापाणी, भाजीचे भाव, सगळं बोलून घेतलं. शेवटी सुमित्राजीच हसल्या. "बोल दे बेटा, क्या काम है."

तिनं सांगितलं. त्या डबा बाजूला ठेवत म्हणाल्या, "माँ के लिए है न? तो ले ले रोशनी. मेरी छत पर तो फ़ालतू पड़ी है."

देवयानीचा जीव भांड्यात पडला. नरसिंहला सोमवारचा दिवस दिला. जिना उतरताना तिच्या मनात आईचा चेहरा होता, वरून येणाऱ्या उन्हात नीट दिसणारा, आणि त्या उन्हात आई तिच्याकडे बघून "देवयानी" म्हणत होती.

सोमवारी नरसिंह सामान घेऊन आला आणि पाच मिनिटांत जिन्यावरून खाली उतरला. "ऊपर वाली मैडम मना कर रही हैं. गच्चीला कुलूप है," असं हिंदी-मराठीचं कडबोळं देवयानीनंच सुधन्वाला फोनवर ऐकवलं, इतकी ती गडबडून गेली होती. ती वर धावली. सुमित्राजींनी जाळीच्या दाराआडूनच सांगितलं, "नहीं होगा." आणि आतलं दार लावून घेतलं.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. तुळशीच्या कुंडीला कुणाचा धक्का लागला का? गुळपोळ्या खराब निघाल्या का? आपण बोलताना त्यांच्या मुलाचं नाव काढलं का? रात्री नीट झोप नाही, ऑफिसच्या कामात चुका. "मन बदललं असेल यार, त्यांची गच्ची आहे," सुधन्वा म्हणाला. त्याला ते पटत होतं, हिला पटत नव्हतं. जयदीपनं तिकीट काढल्याचा मेसेज आला. त्याच दिवशी आई पुन्हा दारापर्यंत गेली, कडी वर सरकवता आली नाही म्हणून दारालाच हात टेकून उभी राहिली. "नीला, दार उघड गं, केंद्रावरचं दूध संपेल."

मग मात्र देवयानीला राहवेना. ती वर गेली आणि जाळीच्या दाराबाहेर उभी राहिली. "आंटी, छत मत दीजिए. बस इतना बता दीजिए, हमसे क्या ग़लती हुई."

सुमित्राजी हिरवे चणे सोलत बसल्या होत्या. हातातले घाटे सोलून झाल्यावर त्या उठल्या. मग दार उघडलं.

"मैं तो मिलने गई थी तेरी माँ से. तू अंदर फ़ोन पर थी. सोचा, जिनके लिए रोशनी दे रही हूँ उनसे दो बात कर लूँ." त्यांनी आपलाच हात धरून दाखवला. "उन्होंने हाथ पकड़ा मेरा, बड़े प्यार से. और पूछा, 'तुम्हारे उधर उजाड़ गया क्या?' मैं क्या बोलती? फिर बोलीं, 'तुम्हारा तो उजाड़ गया होगा. हमारा कब उजाड़ेगा?' बेटा, दुश्मन भी मुँह पर ऐसा नहीं कहता."

देवयानीनं ते शब्द मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघितले. इतकी वर्षं ती दिल्लीकडे राहत होती. बाहेर हिंदी, घरात मराठी, दोन्ही भाषा तिनं दोन कप्प्यांत ठेवल्या होत्या. हे दोन शब्द शेजारी ठेवून बघायची वेळच कधी आली नव्हती. आईचं उजाडणं म्हणजे पहाट. यांचं उजड़ना म्हणजे घराचं स्मशान होणं. आईनं एका पोर गमावलेल्या बाईचा हात धरून मायेनं विचारलं होतं की तुझ्या घराचं वाटोळं झालं का, आणि आमचं कधी होणार.

"आंटी," ती म्हणाली, "हमारी भाषा में... उजाड़ना माने सुबह होना."

"सुबह होने को उजाड़ना कहते हैं?" सुमित्राजींनी तिच्याकडे रोखून बघितलं. "कौन-सी भाषा है ऐसी?"

भाषेच्या पंडितांकडे याचं उत्तर असेलही. देवयानीनं जिन्याकडे हात केला. "आप नीचे चलिए," ती म्हणाली. "बस एक बार. वो दिन भर यही पूछती हैं, सबसे. मुझसे भी."

सुमित्राजी आल्या. का आल्या, कोण जाणे. कदाचित त्यांनाही ते खरं असायला हवं होतं. लख्ख दुपारच्या उन्हातून त्या हॉलमध्ये शिरल्या आणि दारातच थांबल्या, डोळ्यांना काही दिसेना. कोचाच्या कोपऱ्यात आई बसली होती.

"कोण? नीला?"

"आई, वरच्या सुमित्राजी आल्यात."

"या, या." आईनं हात पुढे केला, त्यांचा हात चाचपून धरला आणि आपल्या हिंदीत विचारलं, "तुम्हारे उधर उजाड़ गया क्या?"

देवयानीनं डोळे मिटून घेतले. सुमित्राजींनी वर बघितलं, त्या काळ्या छताकडे, ज्याच्यावर त्या रोज खुर्ची टाकून बसायच्या.

"हाँ माताजी," त्या हळूच म्हणाल्या. "हमारे यहाँ तो उजड़ गया."

"अच्छा हुआ!" आई म्हणाली. तिचा चेहरा खुलला. "अब सब काम होगा."

देवयानी मध्ये बोलायला पुढे झाली. पण सुमित्राजींच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, आणि तो हसण्याचा आहे हे कळायला तिला वेळ लागला. त्या हसत होत्या आणि ओढणीच्या टोकानं डोळे पुसत होत्या. "हाँ माताजी, काम तो सब होते ही रहते हैं. किसी के जाने से कहाँ रुकते हैं." आईचा हात त्यांनी सोडला नाही. बऱ्याच वेळानं देवयानीकडे वळून म्हणाल्या, "मिस्त्री को बुला ले. मेरी तुलसी उधर सरका देना, बस."

होळीच्या आधी काम झालं. घरभर सिमेंटची धूळ, आई बेडरूममध्ये कानावर हात ठेवून बसलेली, आणि मग एका सकाळी काचेवरचा कागद निघाला आणि हॉलच्या मधोमध ऊन उतरलं. भिंतींचा रंग फिका पिवळा आहे हे देवयानीला तेव्हा कळलं. रंग तिनंच निवडला होता. आई त्या उन्हाच्या कडेला खुर्ची ओढून बसली, हळूहळू पाय उन्हात सरकवले आणि दुपारपर्यंत हलली नाही. त्या रात्री ती सलग झोपली, दुसऱ्या रात्रीही. दाराकडे गेली नाही. सकाळी वर बघायची आणि उठायची, कुणाला काही विचारायची नाही. सुमित्राजी वरून काचेवर बोटांनी टकटक करायच्या आणि आई हात हलवायची.

"मग मी तिकीट रद्द करतो," जयदीप फोनवर म्हणाला. "मानलं ताई तुला. जिंकलीस."

फोन ठेवून देवयानी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून मनसोक्त रडली. इतक्या दिवसांचा ताण असा ढसाढसा बाहेर पडला. मग तोंड धुतलं, दोन कप चहा केला, आल्याचा, आईला आवडतो तसा. हॉलमध्ये आली. आईसमोर स्टूल ठेवलं आणि मुद्दाम उन्हात बसली, चेहरा वर करून, बटा मागे सारून. या क्षणासाठीच तर तिनं एवढा आटापिटा केला होता.

आईनं चहाचा कप घेतला. मग तिच्याकडे बघितलं, नीट, निवांत, कपाळापासून हनुवटीपर्यंत. तिच्या डोळ्यांत कुठलाच गोंधळ नव्हता. आई छान हसली, पाहुण्यांकडे बघून हसायची तशी.

"तुम्ही कशाला त्रास घेतलात?" ती म्हणाली. "आमची देवयानी ऑफिसला गेलीय. येईलच आता. तिला भेटल्याशिवाय जाऊ नका हं. बसाल ना?"

वरून स्वच्छ ऊन पडत होतं. दोष द्यायला अंधार कुठेच उरला नव्हता. देवयानीनं आपला कप दोन्ही हातांनी धरला.

"हो," ती म्हणाली. "बसते मी."