अंगठ्यावरचं कॉकपिट

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण दातांच्या या डॉक्टरांचं अगदी व्यवस्थित भरत होतं. खाली दवाखाना, वर घर. रविवारी दवाखान्याचं शटर खाली आलं की वर जेवणाच्या टेबलावर विमानांचा कारखाना सुरू व्हायचा.

विमानं प्लास्टिकची, वीतभर लांबीची. पंख, शेपूट, चाकं ही कामं डॉक्टर पाहुण्यांसारखी वाटेला लावत. त्यांचा सगळा जीव कॉकपिटमध्ये. अंगठ्याच्या पेराएवढी जागा आणि तिच्यात अख्खा संसार मांडायचा! दाढा तपासायचं भिंग डोळ्यांवर चढवून ते डायलांवर बारीक काटे रंगवत. गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद कापून खुर्चीला पट्टे लावत. शेंगदाण्याएवढ्या वैमानिकाला तर त्यांनी दातही रंगवले होते. सगळे निरोगी.

त्या रविवारी वैमानिक खुर्चीत बसला होता, विमान वळवायचा दांडा त्याच्या मुठीत आला होता, आणि डाव्या हाताच्या चिमटीत कॉकपिट धरून डॉक्टर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा शेवटचा थेंब सोडत होते. तेवढ्यात दारातून पत्नी ओरडली, "अहो, आई आली!"

डॉक्टर दचकले. थेंब घसरला. पुढच्या क्षणी कॉकपिट त्यांच्या अंगठ्याला असं चिकटलं, की जणू जन्मापासून तिथेच होतं.

सासूबाईंचा जावयावर जुना दात होता. पहिल्याच भेटीत या गृहस्थांनी नमस्कार करायच्या आधी सांगितलं होतं, "तुमची वरची डावी दाढ किडलीय." तेव्हापासून सासूबाई गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांकडे जात आणि जावयासमोर हसतानासुद्धा तोंडावर पदर धरत. आज मात्र गाल टरारून फुगला होता, आणि दुसऱ्या टोकाचे डॉक्टर परगावी गेले होते.

"वरची डावी का?" डॉक्टरांनी विचारलं. अंगठा पाठीमागे लपवला होता, पण आवाजातला आनंद काही लपला नाही.

सासूबाईंनी नुसतं बघितलं. त्या बघण्याने दूध नासलं असतं.

स्वयंपाकघरात पत्नीने नेलपॉलिश काढायची बाटली पुढे केली. "हे लावा, सुटेल."

"त्याने प्लास्टिक वितळतं! डायल जातील, पट्टे जातील. तो बिचारा आत बसलाय!"

"अहो, माझी आई कळवळतेय. आई महत्त्वाची का तो शेंगदाणा?"

डॉक्टर विचारात पडले. जरा जास्तच वेळ पडले. पत्नीने बाटली ठेवली, अंगठ्यावर हातमोजा ओढून पाहिला, तो फाटला. मग एक स्वच्छ पारदर्शक पिशवी अंगठ्यावर चढवून बुडाशी दोरा आवळला. "चला आता खाली. आणि तिला दिसू देऊ नका."

दवाखान्यातल्या खुर्चीत सासूबाई डोळे गच्च मिटून आणि ओठ त्याहून गच्च मिटून बसल्या.

"आई, तोंड उघडा."

"अं-हं."

"जरासं."

"अं-हं!"

डॉक्टरांनी दिवा लावला. प्रकाशाने सासूबाईंचा एक डोळा किलकिला झाला, आणि त्याला नाकासमोर एक पिशवीतला माणूस दिसला. खुर्चीत बसलेला. पट्टे लावलेला.

"अगं बाई! हा कोण?" सासूबाईंचं तोंड उघडलं. डॉक्टरांनी तेवढ्यात भूल दिली.

"वैमानिक आहे, आई. चुकून चिकटला."

"सासूला अंगठा दाखवणारे जावई ऐकले होते," सासूबाई म्हणाल्या, "पण अंगठ्यावर माणूस बसवून?"

गाल बधिर व्हायला लागला तशी त्यांची जीभ जड झाली, पण चौकशी थांबेना. "याला उतयायचंय कुथे?"

"कुठेच नाही. तुम्ही हलू नका."

"मग हा दात का दाकवतोय?"

डॉक्टरांनी बोटाने गाल बाजूला धरला. अंगठा हवेत राहिला, आणि वैमानिक सासूबाईंच्या नाकाच्या शेंड्यावर घिरट्या घालू लागला. त्याला बघता बघता त्यांचे डोळे मधोमध आले. डॉक्टरांनी पकडीने दाढ एकदा इकडे, एकदा तिकडे हलवली, तसा वैमानिकही इकडे तिकडे डुलला.

"याया चक्कय येईय!" सासूबाई कळवळून म्हणाल्या, आणि स्वतःच्याच बोलण्याला अशा खदखदून हसल्या की शेजारी कापूस घेऊन उभी असलेली त्यांची लेकही हसत सुटली. डॉक्टर हसले नाहीत. तोंड आयतं उघडलं होतं. त्यांनी मनगट वळवलं आणि दाढ बाहेर.

पिशवीत अंगठ्याला दरदरून घाम सुटला होता. त्याने गोंद मऊ पडला, आणि डॉक्टरांनी दोरा सोडला तसं कॉकपिट अलगद निघून हातात आलं. काटे जागच्या जागी. पट्टे शाबूत. तळाला तेवढी डॉक्टरांच्या कातडीची एक चकती राहिली.

"दाकवा," गालात कापसाचा बोळा असलेल्या सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी भिंग त्यांच्या डोळ्यांवर बसवलं. सासूबाई कितीतरी वेळ आत बघत राहिल्या. आजवर या माणसाचं काम त्यांनी कधी इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी जावयाच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली. डॉक्टरांना ती शाबासकी होती की सूड, हे कळलं नाही; पण दोन्ही असलं तरी चालण्यासारखं होतं.

आता सासूबाई दात साफ करायला आपणहून येतात. पण खुर्चीत बसल्या की आधी सांगतात, "त्या मोठ्या डॉक्टरांना बोलवा." मग डॉक्टर निमूटपणे वर जातात आणि विमान घेऊन खाली येतात.