कोरडा आहे, तोंडं दोन

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे. पण नुसता गिअरबॉक्स म्हणू नका हं, मला राग येतो. माझ्या मागच्या अंगाला एक लांबट शेपूट आहे आणि त्या शेपटीला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. साधा गिअरबॉक्स तीन गिअर पुरवतो आणि हात वर करतो. मग मोठ्या रस्त्यावर बिचाऱ्या इंजिनाला ऊर फुटेस्तोवर पळावं लागतं. माझं तसं नाही. गाडीने वेग घेतला की चालवणाऱ्याने एक्सलेटरवरचा पाय क्षणभर उचलायचा. मी आतल्या आत 'टक्' करतो, आणि गाडी त्याच वेगाने पळत असली तरी इंजिन सावकाश फिरू लागतं. आवाज कमी होतो. गाडीतली माणसं ओरडायचं सोडून बोलायला लागतात.

माझा आणखी एक गुण आहे. सायकलवर पायडल मारायचं थांबलात तरी सायकल पळत राहते ना? तसंच वेग कमी असताना पाय उचलला की मी गाडीला इंजिनापासून मोकळं सोडतो. ती आपली आपण घरंगळत राहते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

माझा जन्म इंडियाना राज्यातल्या मन्सी गावचा, सन एकावन्नचा. कारखान्यात एक जाडजूड बाई होत्या. त्या लाकडी दांड्याचं एक टोक माझ्या पोटाला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावून माझं फिरणं ऐकायच्या. "बरा आहे, जाऊ दे," म्हणाल्या. तेवढ्या चार शब्दांवर मी पुढची कितीतरी वर्षं छाती काढून फिरलो.

मला एका हिरव्या स्टुडबेकर गाडीत बसवलं. तिचा मालक मक्याचं बियाणं विकत गावोगाव फिरायचा आणि गाडीत मोठमोठ्याने भजनं म्हणायचा. माझा 'टक्' झाला की तो डॅशबोर्ड थोपटून म्हणायचा, "शाबास रे! आता माझं मलाच ऐकू येतंय." गळा त्याचा भयंकर होता. पण कौतुक करणाऱ्याचा गळा कोण बघतो?

पुढे ती गाडी ओहायोतल्या ग्लेन स्टॅम्बॉ नावाच्या माणसाने घेतली. एका चौकात धान्याच्या ट्रकने तिचं नाक चेपलं. ग्लेन एका पायाने लंगडा झाला, गाडी भंगारात गेली. त्याने मला तेवढं सोडवून आणलं आणि शेडमध्ये बाकाखाली ठेवलं. "चांगली बॉडी मिळाली की तुला बसवतो," असं म्हणाला होता. बॉडी काही मिळाली नाही. माझ्या पोटात उंदरांनी संसार थाटला आणि डोक्यावर रंगाचे डबे आले. मित्रांनो, मोडून पडलो असतो तर इतकं वाईट वाटलं नसतं. धडधाकट असून कुणाला आठवण नसणं, हे फार लागतं जिवाला.

मग एका रविवारी शेडमधला फोन वाजला. ग्लेनचा फोन इतका जुना की पलीकडचं बोलणं शेडभर ऐकू यायचं.

"मी आयोवातून आर्डिस फेन्स्के बोलतेय. तुमच्या बाकाखाली ओव्हरड्राइव्ह आहे म्हणे."

"आहे. विकायचा नाही."

"बरं. पुढच्या रविवारी फोन करते."

आणि केलाच की बाईंनी! चर्चमधून आल्या की फोन. कधी बर्फाच्या गप्पा, कधी ग्लेनच्या पायाची चौकशी, आणि शेवटी हळूच, "मग, बाकाखालचा काय म्हणतोय?" त्यांचा नवरा मर्ल. त्याचं आधी भंगारवाले, जुन्या गाड्यांच्या क्लबातली माणसं, सगळ्यांना विचारून झालं होतं. कुणाकडचा गंजलेला, कुणाकडचा तडकलेला. ग्लेनने त्याला दोनदा नाही म्हटल्यावर तो रुसून बसला होता. आर्डिसबाई रुसणाऱ्यातल्या नव्हत्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ग्लेन वैतागला. "अहो बाई, एवढी कसली घाई आहे तुम्हाला?"

"मला क्रौंच पक्षी बघायचेत," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये नेब्रास्कात प्लॅट नदीवर उतरतात ना, ते. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं आमच्या या जुन्या स्टुडबेकरमधूनच जायचो. मग आमचा ओव्हरड्राइव्ह मोडला आणि मर्लने साधा गिअरबॉक्स बसवला. आता मोठ्या रस्त्याला लागलं की इंजिन असं किंचाळतं की माझं डोकं उठतं. आणि मर्ल कानातलं ऐकायचं यंत्र काढून खिशात टाकतो. मग बोलायचं कुणाशी? म्हणून जाणंच सुटलं."

"मग जाल पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी कुठले! माझं मधलं दिसणं गेलंय, स्टॅम्बॉ. कडेकडेचं उरलंय, तेही पुसट होत चाललंय. डॉक्टर म्हणाले, काय बघायचं ते या वर्षी बघून घ्या."

 ग्लेन चाचरत म्हणाला, "मुलीबिलीची नवी गाडी असेल ना?"

"जावयाची आहे. त्यात बसलं की दवाखान्यात नेताहेत असं वाटतं. मला सहलीला जायचंय! आणि तुमचा तो बाकाखाली बसून काय बघतोय हो एवढं?"

ग्लेनने माझ्याकडे पाहिलं. कितीतरी वर्षांनी पाहिलं त्याने माझ्याकडे. "काही नाही," तो म्हणाला. "उंदीर बघतोय."

त्या दिवशी रंगाचे डबे खाली उतरले. माझ्या अंगातलं जुनं ऑइल त्याने काढून टाकलं, रॉकेलने मला आतून-बाहेरून धुतलं आणि एका जाड गोधडीत गुंडाळलं. कुरिअरने पाठवायला मात्र तो तयार होईना. मागे एकदा त्याने मागवलेला गिअरबॉक्स आला तो बोल्टाचा कान तुटूनच आला होता. "आपल्या माणसांच्या हातून जाईल," असं त्याने ठरवलं.

ही आमच्या जुन्या गाडीवाल्यांची रीत. कुणी लेकीकडे निघालेलं असतं, कुणी गुरांच्या बाजाराला. ज्याची वाट जिकडे, त्याने जड सामान तिथवर न्यायचं. मोबदला म्हणून फक्त जेवण. एकच नियम: सामान कोरडं हवं, कारण आपल्या गाडीत दुसऱ्याचं ऑइल सांडलेलं कुणालाच नको असतं. आणि माझ्यासारख्याला दुसऱ्याच्या ताब्यात देताना पोटावर थाप मारून म्हणायचं, "कोरडा आहे, तोंडं दोन." घेणाऱ्याने तेच परत म्हणायचं. कारण गिअरबॉक्सचं ऑइल ओतायचं तोंड वेगळं आणि शेपटीचं वेगळं. पुढच्या तोंडातून ओतलेलं ऑइल शेपटीत झिरपतं, पण इतकं हळू की तोवर शेपूट जळून जायची.

पहिल्या टप्प्याला नॅडीनबाई होत्या, शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. ग्लेनने थाप मारली, "कोरडा आहे, तोंडं दोन." त्याही म्हणाल्या. मग मला मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून म्हणाल्या, "सरळ बसायचं. मला मागे वळून बघायला लावायचं नाही." इंडियाना ओलांडताना मन्सीचा फाटा दिसला तेव्हा माझा जीव कसा कासावीस झाला म्हणून सांगू! पण सरळ बसलो, हललो नाही. बाईंचा वचकच तसा होता.

इलिनॉयमध्ये नॅडीनबाईंनी मला रस नावाच्या माणसाच्या ताब्यात दिलं. थाप झाली, म्हणणं झालं. रस डुकरांची ने-आण करायचा. त्याच्या ट्रकमध्ये मागे डुकरं आणि पुढे आम्ही दोघं. त्या प्रवासाबद्दल मी काही बोलणार नाही.

आयोवात फेन्स्क्यांच्या दारात आर्डिसबाई उभ्याच होत्या. मान जराशी तिरकी करून त्यांनी मला पाहिलं आणि माझ्या शेपटीवर हात फिरवला. "आलास बाबा," एवढंच म्हणाल्या.

आणि इथेच घोटाळा झाला. रसने थाप मारायला हात उचलला आणि समोर मर्लला बघून खाली घेतला. चाळीस वर्षं गाड्या खोलणारा माणूस! त्याला काय शिकवायचं? वाईट दिसेल ते. मर्ललाही वाटलं, काही सांगायचंय का विचारावं. पण विचारलं तर ग्लेनच्या कामावर शंका घेतल्यासारखं होईल. आमची माणसं अशी भिडस्त! मग दोघांनी बटाट्याचं भरीत हाणलं, हवेवर बोलले, आणि रस डुकरं घेऊन गेला.

मर्लने शेजाऱ्यांना हाताशी धरून मला गाडीखाली चढवलं. हात खरंच चांगला होता त्याचा. पण त्या हातांनी गेली वीस वर्षं एकच तोंड असलेला गिअरबॉक्स सांभाळला होता. पुढचं बूच उघडलं, ऑइल काठोकाठ भरलं, बूच घट्ट केलं, हात पुसले. शेपटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अरे, दुसरं तोंड! मी मनातल्या मनात ओरडत होतो. पण लोखंडाचं कोण ऐकतो?

मार्चमध्ये निघाले दोघं. सँडविचं, थर्मास, पांघरूण. मोठ्या रस्त्यावर मर्लने पाय उचलला आणि मी 'टक्' केलं. इंजिन शांत झालं.

"आहाहा!" आर्डिसबाई म्हणाल्या. "मर्ल, ऐकलंस?"

"काय?"

"काही नाही. तेच तर!"

पण मला आतून चटके बसायला लागले होते. ओमाहा मागे पडलं आणि माझ्या शेपटीतून बारीक, चिरका आवाज यायला लागला. मर्लला तो ऐकूच येईना. आर्डिसबाई एकदम ताठ झाल्या.

"मर्ल, थांबव."

"आत्ता कशाला? पुढे हॉटेल आहे."

"खड्ड्यात गेलं हॉटेल! थांबव म्हणते ना! मागून किंचाळतोय तो."

"मला तर काहीच ऐकू येत नाही."

"तुला चर्चची घंटा ऐकू येत नाही! थांबव!"

त्याने गाडी कडेला घेतली आणि सहलीच्या चांगल्या विजारीनिशी खाली सरपटला. शेपटीला बोट लावलं आणि चटकन ओढून घेतलं. मागचं बूच उघडून आत करंगळी घातली, तर नुसती ओलसर. तो तसाच आडवा पडून राहिला. मग हळूच म्हणाला, "तोंडं दोन."

"काय म्हणालास?"

"गाढव आहे मी म्हणालो."

"ते ठाऊक आहे. पुढे जाता येईल का?" त्या दार उघडून खाली उतरल्या. "मर्ल, खरं सांग. मागे फिरायचं असेल तर आत्ताच सांग."

 त्याने मला निवू दिलं, डिकीतून डबा आणला आणि माझ्या शेपटीत ऑइल ओतलं. मित्रांनो, काय सांगू त्या घोटाचं सुख! माझं एक बेअरिंग थोडं पोळलं होतं, अजूनही मी किंचित गुणगुणतो. पण त्या वेळी मी ठरवलं, या बाईला नदीवर पोचवल्याशिवाय मी मोडणार नाही.

सूर्य कलला तेव्हा आम्ही त्यांच्या नेहमीच्या जागी पोचलो. टेकाडावरून एक मातीची वाट थेट नदीकाठी उतरते. खाली वाळूवर करडे क्रौंच दाटीवाटीने उभे होते, आणखी उतरतच होते. पूर्वी दोघं गाडी वर ठेवून तिथूनच बघायची. आता तेवढ्या लांबून आर्डिसबाईंना काही दिसलं नसतं. आणि इंजिनाच्या आवाजाने जवळ जावं, तर सगळा थवा उडाला असता.

मर्लने उताराच्या तोंडाशी गाडीला हलकाच वेग दिला, पाय उचलला आणि किल्ली बंद केली. माझी पाळी आली. मी गाडी मोकळी सोडली. ना गुरगुर, ना धक्का. वाळूवर टायर तेवढे करकरत होते. सगळ्या आयुष्यात मी इतका गप्प कधी राहिलो नव्हतो. काठाशी गाडी थांबली, आणि एकही पक्षी उडाला नाही.

"दिसतात का?" मर्ल कुजबुजला.

आर्डिसबाईंनी वळून सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"अगं, माझ्याकडे काय बघतेस? तिकडे बघ, तिकडे!"

"तिकडे बघितलं की तेच नाहीसे होतात. तुझ्याकडे बघितलं की कडेला दिसतात. पाय खाली सोडून उतरताहेत बघ, कितीतरी." त्यांनी नजर हलवली नाही. "तुझं तोंड तेवढं दिसत नाही."

मर्ल तिच्या आणखी जवळ सरकला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "ते पाठ आहे मला. यंत्र घाल कानात आणि ऐक जरा."

त्याने खिशातून यंत्र काढून कानात घातलं. मग दोघंही अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिली, ती त्याच्याकडे बघत आणि तो ऐकत.

घरी परतल्यावर त्यांनी गॅरेजमधूनच, मर्ललाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून, ग्लेनला फोन लावला. मला पाठवताना त्याने एकच गोष्ट मागितली होती: आवाज कसा होता ते सांगा.

"वाटेत किंचाळला," आर्डिसबाई म्हणाल्या. "मर्लने एकच तोंड भरलं होतं."

"काय? रस बोलला नाही? आणि मर्लने विचारलं नाही?" पलीकडून ग्लेन कडाडला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आणि नदीवर? नदीवर कसा होता आवाज?"

"नदीवर?" त्या म्हणाल्या. "नव्हताच हो, स्टॅम्बॉ. नव्हताच."



तर मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या बाकाखाली माझ्यासारखा कुणी पडला असेल. त्याच्या डोक्यावरचे डबे उतरवा. तो कुणाला हवाय का, विचारा. आणि देताना, समोरचा कितीही जाणता असला, हसला, अगदी रागावला तरी, माझ्यासारख्याच्या पोटावर थाप मारून तेवढं सांगाच: कोरडा आहे, तोंडं दोन.