जावईबापूंनी चकाकवलेला चाकू

मित्रांनो, मी घडीचा चाकू आहे, जुना आहे, आणि तुमच्या खिशात मावेन असं मला वाटत नाही. माझं पातं मोठ्या माणसाच्या तीन बोटांएवढं रुंद आहे. मिटलो की शिंगाच्या मुठीत जातो खरा, पण पुरता नाही. पोट बाहेर राहतं. मला जाड्या म्हणून हसणारे पुष्कळ भेटले. त्यांतल्या दोघांच्या अंगठ्यावर माझी खूण आहे.

मला एका लोहाराने घडवलं. प्रेमाने वगैरे नाही. आत्मवृत्तात तसं लिहायची पद्धत आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझ्याबरोबर त्याने आणखी एक पातं घडवलं होतं, माझा जुळा भाऊच म्हणा. पाण्यात बुडवताना त्याला केसाएवढी चीर गेली. लोहाराने त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही, सरळ भंगारात भिरकावलं. मला मात्र उलटसुलट करून बघितलं आणि माझ्या मुळाशी स्वतःचा शिक्का ठोकला. मला भावाचं वाईट वाटलं नाही. तो भंगारात गेला आणि मी नाही, एवढंच मनात आलं.

मग मी मावशींकडे आलो. बोटींसाठी दोरखंड बनवणारी एक लांबलचक पत्र्याची शेड होती. तिथे त्या दोर कापायच्या. साऱ्या शेडच्या त्या मावशी, म्हणून माझ्याही मावशी. मी एवढा रुंद का, हे तिथे कळलं. अरुंद पात्याने दोरखंड करवतत बसावं लागतं, मग त्याचे पेड सुटतात आणि टोक केरसुणीसारखं फिस्कटतं. मावशी मला दोरखंडावर उभा धरायच्या आणि माझ्या पाठीवर लाकडी मोगरीचा एक घाव घालायच्या. मनगटाएवढ्या दोरखंडाचे दोन तुकडे व्हायचे, टोकं सपाट, एकही पेड सुटलेला नसायचा. बोटीवरची माणसं म्हणायची, "मावशींनी कापलेला दोर द्या."

मावशींनी मला रोज पाठीत मारलं आणि रोज तेल लावलं. तुमच्यातल्या काहींना हे ओळखीचं वाटेल. माझ्या पाठीवर घावांचे वळ उठले, अंगावर काळसर निळा रंग चढला, शिंगाची मूठ त्यांच्या तळव्याच्या घाटाने झिजली. नवरा लवकर गेलेल्या त्या बाईने माझ्या जोरावर एक मुलगी वाढवली. अंगाने काडी म्हणून तिचं नाव बारकी पडलं. ती डबा घेऊन शेडमध्ये यायची तेव्हा मावशी म्हणायच्या, "बारके, लांब उभी राहा, हा कोणाला ओळखत नाही." खरंच होतं ते. मी कोणालाच ओळखत नाही.

बारकी मोठी झाली आणि एका घड्याळांच्या दुकानदाराला दिली. माणूस टापटीप. बोटाला कधी डाग नाही, बोलताना आवाज चढणार नाही. त्याला जुने चाकू जमवण्याचा नाद होता. एकदा तो सासुरवाडीला जेवायला आला आणि खिडकीत ठेवलेल्या मला त्याने पाहिलं. उघडलं, मिटलं. माझी कमान, म्हणजे मुठीतली स्प्रिंग, कडक आहे, खट्ट असा आवाज येतो. तो आवाज ऐकून त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी पाहिलं.

"आई, असं पातं आता कोणी घडवत नाही," तो म्हणाला.

"हो ना, जावईबापू. याच्यावरच तर माझं चाललंय."

"असू दे, असू दे," तो हसून म्हणाला आणि मला खाली ठेवलं. नंतर जेवण संपेपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. भाजी हवी का विचारलं तर नुसती मान हलवायचा.

स्वयंपाकघरात बारकीने आईचा हात धरला. "देऊन टाक ना, आई."

"अगं, मी कापू कशाने? माझ्या पोटाचं साधन आहे ते."

"तुला माहीत नाही. घरी गेल्यावर ते चार दिवस असेच गप्प राहतील. आणि मग बोलायला लागले ना, की त्याहून गप्प बरे वाटतात. तू चाकू दिलास तर मला थोडं बरं वागवतील."

मावशींनी पदराला हात पुसले. बाहेर येऊन दोन्ही हातांनी मला जावयाच्या हातात दिलं. "तुमच्याकडे शोभेल," म्हणाल्या. मुलीला सुखाने राहू द्यावं म्हणून त्यांनी मला दिलं. मला त्या क्षणी मावशींचा मनापासून राग आला. माझी किंमत त्या पोरीएवढी धरली, हा मला अपमान वाटला.

जावईबापूंच्या घरी काचेचं कपाट होतं, आत हिरवं मऊ कापड. तिथे माझ्यासारखे कितीतरी रुंद पात्यांचे चाकू निजले होते. एकानेही आयुष्यात काही कापलेलं नव्हतं, आणि त्याचाच त्यांना केवढा तोरा. बारकीने कपाट बाहेरून पुसायचं, आत हात घालायचा नाही, असा नियम होता. एकदा एका पात्यावर बोटाचा ठसा उमटला. घामाने पोलादावर डाग पडतो. जावईबापूंनी बारकीला बोलावलं, तिचे दोन्ही हात टेबलावर पालथे-उताणे करून घेतले आणि तिचं एकेक बोट भिंगाखाली धरून ठशाशी ताडून पाहिलं. ठसा त्यांच्याच अंगठ्याचा निघाला.

"बरं. जा," ते म्हणाले. "पण काचेला एवढं घासत जाऊ नकोस. ओरखडे पडतात."

आता त्यांची चूक ऐका. चाकू जमवणाऱ्यांचा एक मेळावा भरणार होता आणि त्यात त्यांना मला मांडायचं होतं. घड्याळांच्या धंद्यात जे चकाकतं तेच विकलं जातं. त्यांच्या दुकानात पितळ चकाकवायचं एक फिरतं चाक होतं. त्यांनी मला त्या चाकाला लावलं. काळसर निळा रंग गेला, पाठीवरचे वळ गेले, मुठीवरचा मावशींच्या तळव्याचा घाट गेला. मुळाशी असलेला लोहाराचा शिक्का मळकट दिसत होता, म्हणून तिथे जरा जास्तच दाबून धरलं. संध्याकाळपर्यंत माझ्यात त्यांना त्यांचं तोंड दिसू लागलं. त्यांनी भांग नीट केला.

मेळाव्यात टेबलं मांडली होती. सगळे ज्यांना दादा म्हणतात ते एक वयस्क संग्राहक टेबलाटेबलावर थांबत आले. त्यांनी मला उचललं, उघडलं, खट्ट ऐकलं आणि खूश झाले. मग चष्मा कपाळावर चढवून माझ्या मुळाशी पाहिलं. तिथे आरसा होता.

"शिक्का कुठे गेला?"

"स्वच्छ केला मी. फार मळला होता."

"स्वच्छ केलात?" दादांनी आजूबाजूच्यांना बोलावलं. "या, या, बघा. यांनी शिक्काच धुऊन काढला. आता कोणी घडवला, केव्हा घडवला, कुणालाच सांगता यायचं नाही. अहो, जुन्या चाकूचं वय त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, तेच तुम्ही खरवडून टाकलंत. आता याने कलिंगड कापा."

हशा पिकला. बाजूच्या टेबलावरची बाईसुद्धा हसली. जावईबापूही हसले, तोंडदेखलं. मी त्यांच्या हातात होतो, त्यांचा तळवा घामाने भिजलेला मला लागत होता. मला फार मजा आली.

मजा घरी पोचेपर्यंतच टिकली. आवाज तेव्हाही चढला नाही. त्यांनी बारकीला समोर बसवलं. "तुझ्या आईने मला टाकाऊ वस्तू दिली. दहा लोकांत माझं हसं झालं."

"पण चाकाला तर तुम्हीच..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. काय झालं ते मी सांगत नाही, तुम्ही लहान आहात. दुसऱ्या दिवशी तिचं डावं मनगट सुजलं होतं, एवढं सांगतो. तिने उजव्या हाताने पिशवी भरली, सर्वांत वर मला ठेवलं. "हा तिचा तिला दे," जावईबापू म्हणाले, "आणि तूही तिकडेच राहा."

मावशींचं दरम्यान काय झालं होतं ते मला शेडमध्ये पोचल्यावर दिसलं. मी गेल्यावर त्यांना कोठीतला अरुंद चाकू मिळाला. दोरांची टोकं फिस्कटू लागली, बोटीवाले कुरकुरू लागले, आणि मुकादमाने त्यांना कापणीवरून काढून मागच्या कोपऱ्यात जुने दोर पिंजायला बसवलं. त्या धुळीत बसलेल्या, केसांत काथ्याचा भुसा, बोटांची सालं निघालेली.

बारकी दारात उभी राहिली. "आई, चाकू परत दिलाय त्यांनी. आणि मलाही इकडेच राहायला सांगितलंय."

तिचं बोलणं संपायच्या आतच मावशींनी तिच्या हातातली पिशवी घेतली होती आणि पिशवीत डोकावल्याही होत्या. मला बाहेर काढून उजेडाकडे धरलं, अंगठ्याने धार चाचपली. "चकाकवलंय मेल्याने," म्हणाल्या. "पण कापेल. कापेल अजून." किती दिवसांनी त्या हसल्या असतील कोण जाणे. मुलीच्या मनगटाकडे त्यांनी पाहिलं ते त्यानंतर.

"हे काय?"

"लागलं."

मावशींनी मला मिटून कमरेच्या पिशवीत टाकलं. म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता परत जा. म्हणावं, आईचं चुकलं. पाया पड हवं तर."

"आई, मी कोपऱ्यात राहीन. मीही दोर पिंजेन. आणि आता चाकू आलाय, तुझं काम तुला परत मिळेल."

"मिळेल तेव्हा मिळेल. आज माझंच पोट भरत नाही, तुला कुठे ठेवू? नवऱ्याचं घर असं सोडायचं नसतं. राग निवळेल त्यांचा."

त्या तिला बसपर्यंत सोडायला गेल्या. मी त्यांच्या कमरेच्या पिशवीत होतो. मी माझ्या जागी परत चाललो होतो, त्यामुळे मला आनंदच झाला होता. खोटं कशाला बोलू? बस सुटल्यावर मावशी तडक शेडमध्ये आल्या, मुकादमाला म्हणाल्या, "दोर आण." मला उभं धरलं, मोगरी उचलली. एक घाव. दोन्ही टोकं सपाट. मुकादमाने टोकावरून हात फिरवला आणि म्हणाला, "उद्यापासून पुढे बसा, मावशी."

महिन्याभरात मावशींचं सगळं पूर्वीसारखं झालं. मग त्यांनी बसच्या ड्रायव्हरकडे निरोप पाठवला, बारकीला म्हणावं ये, आता काम आहे, खोलीत जागा आहे, कायमची ये. ड्रायव्हर दोन दिवसांनी शेडमध्ये आला. मावशींनी हातातली मोगरी खाली ठेवली.

"भेटली का?"

"भेटली. दुकानात बसली होती. घड्याळं पुसत होती."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आईला सांगा, चाकू सांभाळ."

त्या दिवशी मावशींनी पुढे एकही दोर कापला नाही. दुसऱ्या दिवशी कापले, आणि अजून कापतात. मला तेल लावतात, आधीपेक्षा जास्तच लावतात. मला त्याची पहिल्यांदाच शिसारी येते.

मित्रांनो, शेवटी विनंती करायची रीत आहे, म्हणून करतो. जुन्या चाकूला चाकावर धरू नका, पाणी लागलं तर पुसा, तेलाचा हात फिरवा. आम्ही फार दिवस टिकतो, थोडी हयगय झाली तरी टिकतो. पण कधी कोणी पिशवी घेऊन तुमच्या दारात उभं राहिलं, तर आधी त्याच्या तोंडाकडे बघा. पिशवी नंतर उघडा.