चार हजारांच्या वर नाही

नूतनीकरणाचं पत्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. आयली रौतिओने ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आकडा काही बदलला नाही. पिवळ्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारच्या वर्षभराच्या विम्याचे नऊ हजार चारशे साठ डॉलर. मागच्या वर्षी नवरा जिवंत होता तेव्हा याच गाडीला, याच गराजमध्ये, दोन हजार सहाशे पडले होते. फरक एवढाच की रेइनो ऑगस्टमध्ये गेला आणि चालवणाऱ्याच्या जागी आता आयलीचं नाव लागलं.

"म्हणजे मी तुझ्या बापापेक्षा साडेतीन पट वाईट," ती मुलाला फोनवर म्हणाली.

डेरिक निकेलच्या खाणीत रात्रपाळी करून नुकताच घरी आला होता. "आई, विकून टाक ना. बॅरी गावातला तो माणूस अजून विचारतोय. साडेचारशे हॉर्सपॉवरची गाडी, तू अडुसष्ट वर्षांची. काय करणार आहेस तिचं?"

"चालवणार आहे. गाडीचं दुसरं काय करतात?"

"आणि नऊ हजार?"

"चार हजार देईन. त्याच्या वर एक डॉलर नाही."

हा चार हजारांचा आकडा तिने हवेतून काढला नव्हता. पेन्शनमधून छपराचं काम, घर तापवायचं तेल, औषधं वजा केली की तेवढेच उरत होते. तीस एप्रिलपर्यंत विमा झाला नाही तर गाडी रस्त्यावर आणता येणार नव्हती, आणि नुसती झाकून ठेवायला घरात गाडी बाळगावी एवढी श्रीमंती रौतिओंकडे कधीच नव्हती. म्हणजे विमा नाही तर बॅरीचा माणूस. ही गोष्ट आयलीला जितकी कळत होती तितकी डेरिकलाही कळत होती, म्हणून तर तो गप्प बसून तारीख मोजत होता.

पण एकतीस वर्षं सडबरीच्या बर्फात शाळेची बस चालवलेल्या बाईला वाट बघायला लावून थकवता येईल असं ज्याला वाटतं, तो तिच्या बसमध्ये कधी बसलेला नसणार.

विमा एजंट मार्सेल लाशान्स मात्र बसलेला होता. दुसरीत असताना तो तिच्या बसमध्ये तिसऱ्या बाकावर ओकला होता, आणि तिने त्याचं तोंड पुसून शाळेत कोणाला कळू दिलं नव्हतं. आता तो चाळिशीचा झाला, टक्कल पडलं, भिंतीवर तीन प्रमाणपत्रं लागली, पण मिसेस रौतिओ आत आल्या की तो अजून पाठ ताठ करून बसायचा. त्या दिवशी ती डेरिकला बरोबर घेऊन आली. घरी भाजलेल्या वेलदोड्याच्या गोड पावाची, पुल्लाची, पिशवी तिने टेबलावर ठेवली आणि पत्र त्याच्यासमोर सरकवलं.

"हे काय आहे मार्सेल?"

"मिसेस रौतिओ, आकडा कंपनीचा कॉम्प्युटर काढतो. माझ्या हातात काही—"

"तुझ्या हातात फोन आहे. पण आधी मला सांग, पिकअपच्या विम्यावर माझं नाव वीस वर्षं आहे. एक ओरखडा नाही. मग या गाडीला मी एवढी महाग का?"

मार्सेलने पुल्लाचा तुकडा तोडला, पण तोंडात घातला नाही. "पिकअप वेगळ्या कंपनीकडे आहे. या कंपनीच्या नोंदीत तुमच्यापुढे एक शेरा आहे."

"कसला शेरा?"

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. अकरा वर्षांपूर्वीचा एक फॉर्म होता. रेइनो निवृत्त झाला, खाणीकडून एकरकमी पैसे मिळाले आणि त्याने ही गाडी घेतली, त्या आठवड्यातला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: वगळलेला चालक. खाली नाव होतं आयली रौतिओ. या व्यक्तीने गाडी चालवल्यास विमा लागू होणार नाही. त्याच्याखाली रेइनोची सही होती आणि त्याच्या शेजारी तिची.

सही तिचीच होती. बोटीच्या परवान्याचे कागद, सॉनाच्या वाफेच्या खोलीतल्या नव्या शेगडीची पावती, अशी एकदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर रेइनोने तिच्यापुढे चळतच ठेवली होती. तिने बटाटे सोलता सोलता हात पुसून, त्याने खूण केलेल्या जागी सह्या केल्या होत्या. मेकॅनिकची सही तपासल्याशिवाय बस न हलवणारी बाई नवऱ्याने पुढे केलेला कागद वाचत नव्हती. आयलीला स्वतःची इतकी चीड आली की रेइनोवर रागवायला क्षणभर वेळच मिळाला नाही.

"का?" तिने विचारलं.

"महिना चाळीस डॉलर वाचत होते," मार्सेल खाली मान घालून म्हणाला. "ते म्हणाले, ती दिवसभर बसच चालवते, तिला हिची हौस नाही. मी नवीन होतो. तुम्हाला फोन करून विचारायला हवं होतं, मी नाही केला. आणि गोम अशी आहे, की घरातल्या माणसाला वगळतात ते बहुतेक वेळा दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्याला. कॉम्प्युटरला काय माहीत तुम्ही कोण? तो तुम्हाला तसलीच समजतोय."

डेरिकला हसू आलं, पण आईचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

"तिला हौस नाही," आयली सावकाश म्हणाली. अकरा वर्षं तिने ती गाडी धुतली होती, पुसली होती, शेजारच्या सीटवर बसून मॅनिटोलिन बेटावर जाऊन आली होती, आणि एकदा तरी तो किल्ली पुढे करील म्हणून वाट पाहिली होती. मागितली मात्र कधीच नव्हती. "बरं. लाव फोन."

"कोणाला?"

"आकडा काढणाऱ्या कॉम्प्युटरच्या वर एखादा माणूस असेल ना? त्याला. आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेव."

वरचा माणूस म्हणून टोरांटोत एक बाई निघाली, तमारा ब्लेन नावाची. आवाज तरुण, घाईतला, आणि नम्रपणे नाही म्हणायची सवय झालेला. मार्सेलने चाचरत सुरुवात केली. दोन मिनिटांनी आयलीने फोन आपल्याकडे ओढला.

"तमारा, मी आयली रौतिओ. तुमच्या नोंदीतली वगळलेली बाई. मला का वगळलं ते मार्सेल लिहून देईल. चाळीस डॉलरसाठी. माझ्या पर्समध्ये बस कंपनीचं पत्र आहे. एकतीस वर्षं, रोज अठ्ठेचाळीस मुलं, शून्य अपघात, शून्य दंड. मार्सेल ते आत्ता तुम्हाला पाठवतोय."

मार्सेल उठून स्कॅनरकडे पळाला. पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"हे चांगलं आहे," तमारा म्हणाली. "मी तो शेरा काढू शकते. पाच हजार दोनशे."

"चार हजार."

"मॅडम, ही भाजीमंडई नाही."

"मग तुम्ही एका पत्रावर चार हजार दोनशे साठ कसे उतरलात?"

डेरिकने खुर्ची पुढे ओढली. कधीपासून कुणास ठाऊक, पण तो आता घड्याळ बघत नव्हता.

"हिवाळ्यात चालवणार का?" तमाराने विचारलं.

"ऑक्टोबरच्या मध्यापासून मे उजाडेपर्यंत ती गराजमध्ये ठोकळ्यांवर उभी असते. इथे सगळ्यांच्या असतात. तेवढे महिने फक्त चोरी आणि आगीचं ठेवा, धडकेचं काढा. उभी गाडी कोणाला धडकणार?"

"चार हजार चारशे ऐंशी."

"नुकसान झालं तर पहिले अडीच हजार मी भरीन. आत्ता किती आहेत, पाचशे?"

"अडीच हजार बरेच होतात, मिसेस रौतिओ," मार्सेल मध्येच कुजबुजला. "बंपर गेला तरी तुमच्या खिशातून."

"मी ठोकली तर मी भरीन. तू पुल्ला खा."

टकटक झाली. "तीन हजार आठशे साठ," तमारा म्हणाली. मार्सेलचा जीव भांड्यात पडला. आयलीने मात्र श्वास सोडला नाही, कारण तिला त्या आवाजात अजून काहीतरी शिल्लक आहे असं वाटलं. तसं ते होतंच.

"शेवटचा प्रश्न. ही गाडी तुम्ही याआधी कधी चालवली आहे का?"

डेरिकने पटकन आईचा हात धरला. ऑगस्टमधलं त्याला ठाऊक होतं. मार्सेलला ठाऊक नव्हतं, पण दोघांचे चेहरे बघून त्याला घाम फुटला. वगळलेली असताना चालवली म्हणजे विमा नसताना चालवली, आणि असं कबूल करणाऱ्याला कंपनी दारात उभं करत नाही. त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्यापुढे धरलं: नाही म्हणा.

आयलीने कागद वाचला. स्क्रीनवरच्या फॉर्मनंतर या टेबलावर तिने पुरता वाचलेला तो दुसरा कागद. तिने तो उलटा करून ठेवला.

"हो," ती म्हणाली. "एकदा. मागच्या ऑगस्टमध्ये. आम्ही तळ्यावरच्या आमच्या लाकडी घरी होतो, पिकअप घरी होती. माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिकेला यायला पन्नास मिनिटं लागतील म्हणाले. मी त्याला उचलून गाडीत घातलं आणि इस्पितळात नेलं. अठ्ठावन्न किलोमीटर. मला वगळलेलं आहे हे तेव्हा माहीत नव्हतं, आज कळलं. पण चालवली."

तिलाच पुढे बोलावंसं वाटलं, आणि ते तमाराला उद्देशून नव्हतं.

"सगळ्या रस्त्यात तो एकच म्हणत होता. तू नको चालवू. तू नको. चार दिवसांनी गेला. आठ महिने मी हेच धरून बसले, की मरतानाही याचा माझ्या हातावर विश्वास नव्हता. तो त्या कागदाला घाबरत होता का माझ्या हाताला, ते आता मला कळायचं नाही. पण गाडी मी नीट चालवली. एवढी नीट मी आयुष्यात काही चालवलेलं नाही. म्हणून मला ती हवी आहे. आता लिहा काय लिहायचं ते."

"होल्डवर ठेवते," तमारा म्हणाली आणि संगीत सुरू झालं.

चार मिनिटं ते टुकार संगीत वाजलं. डेरिक जमिनीकडे बघत होता. मार्सेलने पुल्लाचा चुरा गोळा केला आणि परत पसरला. आयली ताठ बसून राहिली. तिला भीती वाटत होती, आणि शब्द परत घ्यावेसे मात्र वाटत नव्हते.

"मिसेस रौतिओ?" तमारा परत आली. घाई कमी झाली होती. "वरिष्ठांशी बोलले. ती पॉलिसी तुमच्या मिस्टरांची होती, अपघात नाही, दावा नाही. आम्ही त्यात शिरत नाही. माझ्यापुढे 'या गाडीचा अनुभव' असा रकाना आहे. मी लिहिलंय, आहे, अठ्ठावन्न किलोमीटर. तीन हजार आठशे साठ कायम. मुख्य चालक तुम्ही. कुटुंबातला दुसरा परवानाधारक?"

"मुलगा," मार्सेल घाईघाईने म्हणाला. "पण तो वेगळा राहतो आणि त्याला या गाडीत रस नाही. वगळून टाका, म्हणजे—"

"मार्सेल." आयलीने बसमधला आवाज काढला. चाळिशीचा मार्सेल गप्प झाला. "त्याला विचार. तो इथे बसलाय. त्याच्या तोंडावर विचार."

मार्सेलने डेरिककडे पाहिलं. डेरिकचे कान लाल झाले. गाडी विक, विक म्हणून आठ महिने मागे लागलेला हा माणूस तिच्या चाकामागे एकदाही बसला नव्हता. तीस वर्षांचा असताना त्याने बापाकडे एकदा किल्ली मागितली होती, आणि बापाने 'आधी पाय पुसून गाडीत बसायला शीक' म्हणत सगळ्यांदेखत ते हसण्यावारी नेलं होतं. त्यानंतर डेरिकने त्या गाडीकडे नीट पाहिलंही नव्हतं.

"डेरिक, तुला गाडी चालवायची आहे का?" मार्सेलने विचारलं.

डेरिकने आईकडे पाहिलं. ती काही सुचवत नव्हती, नुसती थांबली होती.

"हो," तो म्हणाला.

टकटक झाली. "त्याचे दोनशे नव्वद," तमारा म्हणाली. "एकूण चार हजार दीडशे."

मार्सेलने आयलीकडे पाहिलं. तिने मघाशी फोनवर ठणकावलेला चार हजारांचा आकडा त्याने ऐकला होता.

"दीडशे मी देतो," डेरिक पुटपुटला.

"देशीलच," आयली म्हणाली, आणि फोनकडे वाकली. "लिहा त्याचं नाव. डेरिक रेइनो रौतिओ. आणि दोघांनाही कागद पाठवा, आम्ही वाचून सही करू."