आजारी कोण?

सकाळपासून मावशीचं शिलाई मशीनवर चित्त नव्हतं. पलंगाखाली मांजराची उलटी सापडली होती आणि तिच्यात लाल दोरा. घरात मांजरी सहा. मावशीनं एकेकीचं पोट चाचपलं, तोंड हुंगलं; सगळ्या सारख्याच साळसूद. थोरली मांजर घरात एकटीच होती तेव्हा ती नुसती शिंकली तरी मावशी हातातलं काम टाकून उठायची.

तेवढ्यात भाची ओढणीत पिल्लू गुंडाळून दारात उभी. "सहा आहेतच, त्यात हे काय जड होणार?"

सवयीनं पुढे झालेला हात मावशीनं मागे घेतला.

"याला दुसरं घर बघ. आणि माझ्यासोबत चल, सहाही जणींना डॉक्टरकडे न्यायचंय. आजारी कोण, ते मला सांगता येत नाही."